काठावरचा आवाज

“ही भाकर परत ने,” बर्णबातात्या म्हणाले. “आणि तिला सांग, कुत्र्यानं खाल्ली.”

“कुत्र्यानं खाल्ली तर परत कशी नेऊ?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे तांबारलेले, दाढीचे खुंट पांढरे, बोटांवर सुरुंगाच्या दारूचे पिवळे डाग. हसले नाहीत. फडक्यात बांधलेली भाकर त्यांनी यारीच्या खांबाला टांगून ठेवली. विहिरीतला दगड-मुरूम वर ओढायच्या डिझेलच्या क्रेनला आमच्याकडे यारी म्हणतात. तिचं इंजिन नुकतंच सुरू झालं होतं आणि मुकादम आमच्या नावानं ओरडत होता.

“चल,” तात्या म्हणाले. “ऊन चढायच्या आत खालचा डबर काढू.”

गोष्ट पंचाऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. आमची मिशनवस्ती शेवगावच्या बाजूला, गावापासून थोडी लांब. चर्च, शाळा, शाळेचं बोर्डिंग आणि पन्नासेक घरं. वस्तीची जुनी विहीर आटली म्हणून सरकारातून नवी मंजूर झाली. खोदकामाचा ठेका बाहेरच्या माणसाला मिळाला आणि त्याच्या टोळीबरोबर सुरुंग उडवणारा म्हणून आले ते बर्णबातात्या. स्वतःच्याच वस्तीत, नऊ-दहा वर्षांनी.

वस्तीत ते शिरले नाहीत. विहिरीपाशी मुकादमाच्या पालात राहायचे. चर्चच्या घंटेचा आवाज आला की पालाचा पडदा खाली सोडायचे, असं टोळीतले लोक सांगत.

मला ते लहानपणापासून माहीत होते. एकेकाळी ते चर्चचे सुवार्तिक, म्हणजे प्रचारक, होते. जिल्ह्यात गावोगावी फिरून कीर्तन करायचे. अंगावर पांढरं उपरणं, हातात चिपळ्या, आणि मागे साथीला सगुणामावशी, त्यांची बायको. मावशीचा आवाज असा की बिनमाईकचा तो शेवटच्या ओळीतल्या म्हातारीपर्यंत पोचायचा. मग त्यांचा मुलगा आशेर वारला. त्यानंतरच्या रविवारी तात्या भर उपासनेत उठले, चिपळ्या वेदीच्या पायरीवर आपटल्या आणि जे चालू लागले ते चालू लागले. पुढे कळलं की ते श्रीरामपूरकडे साखर कारखान्यावर आहेत, दारू पितात, दुसरी बाई ठेवली आहे. चर्चच्या पंचकमिटीनं त्यांचं नाव मंडळीतून कमी केलं. मावशी वस्तीतच राहिली. बोर्डिंगमध्ये स्वयंपाक करायची. गळ्यातले काळे मणी तिनं काढले नाहीत.

टोळी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं माझ्या हाती भाकर पाठवायला सुरुवात केली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. नुकतं लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले, म्हणून विहिरीवर रोजंदारीला लागलो होतो.

“ते घेत न्हाईत, मावशी,” मी एकदा तिला सांगितलं.

“न घेऊ दे.”

“मग पाठवतेस कशाला?”

“मी रांधते, म्हणून पाठवते,” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

विहीर पाच-सहा पुरुष खोल गेली होती. वरचा थर पिवळ्या मुरमाचा, खाली काळा पाषाण. आदल्या संध्याकाळी तात्यांनी सुरुंग लावले होते. फुटलेला खडक भरून वर पाठवायचं काम आमचं. मी पहारीनं दगड सुटे करत होतो, तात्या बकेट भरत होते. तळाशी एका अंगाला खडकात माणूस बसेल एवढी कपार होती. तिच्या बुडाशी ओल दिसत होती.

“तात्या, पाणी!”

ते खाली बसले, ओल्या दगडावर तळहात ठेवला. “झरा हाये,” ते म्हणाले. “सुरुंगानं तोंड मोकळं झालंय. संध्याकाळपर्यंत गुडघाभर होईल.”

मी खूश झालो. वर ओरडून सांगायला मान वर केली तेव्हा विहिरीच्या तोंडातला आभाळाचा गोल तुकडा मला तिरका दिसला. आधी वाटलं, घाम डोळ्यात गेला. मग मुरमाचा एक ढपला सुटून माझ्या खांद्यावर आदळला, आणि तात्यांनी मागून माझ्या सदऱ्याला धरून मला कपारीत ओढलं.

आवाज मोठा झाला नाही. लोक विचारतात म्हणून सांगतो. पोतं खाली टाकल्यासारखा धप्प आवाज झाला, मग परत धप्प, आणि मग सगळं काळं.

शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात माती होती. मी थुंकलो. डावा पाय जाणवत नव्हता आणि उजव्या पायावर काहीतरी थंड वाहत होतं. डोकं कशावर तरी मऊ टेकलेलं होतं. ती तात्यांची छाती होती. ते कपारीच्या मागच्या भिंतीला टेकून बसले होते, मी त्यांच्या पुढ्यात आडवा, आणि माझ्या मांडीवर एक मोठी शिळा.

“हलू नको,” ते म्हणाले.

“तात्या, पाय—”

“ठाऊक हाये. हलू नको. यारीचे खांब खाली आलेत. ते आडवे अडकलेत म्हणून आपण जिवंत हावोत. तू हललास तर ते सुटतील.”

हळूहळू डोळ्यांना सवय झाली. पार अंधार नव्हता. डोक्यावर, खांब आणि दगडांच्या मधून, बोटभर रुंदीची उजेडाची फट दिसत होती. तेवढ्या फटीतून हवा येत होती.

मी ओरडायला सुरुवात केली. गळा फाटेपर्यंत ओरडलो. वर कुठेतरी माणसांचा गलका, मग दुसरं इंजिन सुरू झाल्याची धडधड. आमचा आवाज वर जात नव्हता.

“तुम्ही बी ओरडा ना!”

“मला जमायचं न्हाई,” तात्या म्हणाले. त्यांचा श्वास आखूड होता. एक श्वास, मग खरखर, मग दुसरा श्वास. “बरगड्या गेल्यात बहुतेक.”

थोड्या वेळानं मला कळलं की पायावरून वाहतंय ते रक्त नाही, पाणी आहे. ज्या झऱ्यामुळे मी खूश झालो होतो तो झरा. तळ दगडांनी भरला होता आणि पाणी त्यातून वर येत होतं. आधी घोट्यापर्यंत, मग कमरेशी.

मी रडायला लागलो. बावीस वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा. म्हणालो, “तात्या, प्रार्थना करा.”

मी पुन्हा म्हणालो, “तात्या, तुम्ही सुवार्तिक होता. तुम्हाला येते. करा ना!”

“तुला न्हाई येत?”

“मला सुचत न्हाई.”

“मग गप पड.”

“तात्या, पाया पडतो—”

“गप!” ते जोरानं म्हणाले आणि त्यामुळे त्यांना खोकला आला. खोकल्याबरोबर त्यांचं अंग माझ्या पाठीमागे आखडलं. खोकला थांबल्यावर ते हळू बोलू लागले, जणू स्वतःशीच.

“आशेर गेला तेव्हा मी कुठं होतो, तुला ठाऊक हाये?”

“कीर्तनाला गेला होता म्हणतात.”

“पैठणकडच्या एका गावाला. आख्यान कसलं लावलं होतं? सिंहांच्या गुहेत टाकलेल्या भक्ताचं. देवानं सिंहांची तोंडं कशी बांधली ते सांगत होतो. माणसं रडत होती. मी बी रडत होतो. आणि त्याच टायमाला घरामागच्या गवताच्या गंजीत माझ्या पोराला फुरसं चावलं. तिनं त्याला पाठीवर घेतलं आन् रस्त्यापर्यंत पळाली. एसटी निघून गेली होती. पोर तिच्या पाठीवरच गेलं.” ते थांबले. “सिंहांची तोंडं बांधणाऱ्याला एका फुरशाचं तोंड बांधता आलं न्हाई, नाथा.”

त्यांनी तोंडातली माती थुंकली.

“म्हणून मी त्याच्याशी बोलणं सोडलं. दहा वर्षं एक शब्द बोललो न्हाई. आता नाकाशी पाणी आलं म्हणून हाक मारू? एवढा हलकट मी न्हाई. दारू पिलो, बाई ठेवली, तिलाबी सोडलं, सगळं केलं. पण हे न्हाई करणार.”

“तो ऐकत असंल की, तात्या.”

“ऐकू दे. मला न्हाई बोलायचं.”

पाणी माझ्या पोटाशी आलं होतं. ते बर्फासारखं गार होतं, भर उन्हाळ्यात. मी थरथरत होतो. तात्यांनी दोन्ही हात माझ्या काखेतून घातले आणि मला वर ओढलं, शिळेखालचा पाय ताणला जाईल एवढं. मी किंचाळलो. “सोस,” ते म्हणाले. “पाणी चढणार हाये.”

आणि तेव्हा तो आवाज आला.

आधी मला वाटलं वर कोणी बाई रडते आहे. पण रडण्याला ताल नसतो. हे गाणं होतं. कोणीतरी विहिरीच्या काठावर पालथं पडून, तोंड थेट आत करून गात होतं. इंजिनाच्या धडधडीतून, खांबांतून, दगडांतून तो आवाज गाळत गाळत खाली येत होता.

*सुटला माझा हात, तुझा ना सुटला,*
*वाट मी चुकलो रे, तू नाही चुकला.*

तात्यांचा श्वास थांबला. मला वाटलं, गेले.

“मावशी हाये,” मी म्हणालो. “तात्या, सगुणामावशी! मावशी! ए मावशी! आम्ही हितं हावोत!”

गाणं थांबलं नाही. तिला ऐकू गेलं नव्हतं. ओळ संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

“माझं हाये ते,” तात्या म्हणाले.

“काय?”

“ते पद. मी जुळवलेलं. पहिल्या वर्षी. चुकला, सुटला. यमक जुळत होतं म्हणून तसं केलं. दुसरं काय.” ते हसले असावेत, छातीत काहीतरी खरखरलं. “येडी हाये ही बाई. वरून गाऊन काय होणार?”

“तुम्हाला धीर यावा म्हणून गाती.”

“मी हितं हाये, जिवंत हाये, हे तिला कुठं ठाऊक हाये?”

मी पुन्हा ओरडलो. पुन्हा पुन्हा ओरडलो. आवाज फाटला, पाण्यानं छाती दाबली. तात्या म्हणाले, “राहू दे. न्हाई जात वर.”

मग आम्ही फक्त ऐकत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. फटीतला उजेड एका दगडावरून दुसऱ्या दगडावर सरकला. ती एकच पद गात होती असं नाही. ते संपलं की दुसरं, मग तिसरं. सगळी त्यांचीच, कीर्तनातली. मधे थांबली की मला धडकी भरायची. पण ती श्वास घ्यायला थांबायची, कधी पाण्याचा घोट घ्यायला थांबत असेल, आणि पुन्हा सुरू. उन्हात, तापलेल्या मुरमावर पालथी पडून. मधेच आवाज घोगरा झाला. मग नुसता घोगराच राहिला.

“थांब गं,” तात्या पुटपुटले. “थांब. मरशील.”

मग इंजिन थांबलं.

खाली अडकलेल्या माणसाला इंजिन थांबणं म्हणजे काय ते सांगून समजायचं नाही. वर माणसांचा वाद चाललेला ऐकू आला, एका पुरुषाचा चढा आवाज, कोणाचं तरी रडणं. शब्द कळत नव्हते. मी जेवढं उरलं होतं तेवढं ओरडलो, पण तोंडातून वाफेसारखं काहीतरी निघालं. पाणी माझ्या गळ्याशी होतं. तात्यांनी मला आणखी वर घेतलं. त्यांची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकली.

“सोडलं त्यांनी आपल्याला,” मी म्हणालो. “तात्या, सोडलं.”

“ऐक,” ते म्हणाले.

ती गात होती. इंजिन नव्हतं, त्यामुळे आता शब्दन् शब्द येत होता. गाणं म्हणावं असं त्यात फार राहिलं नव्हतं. सूर गेला होता, ताल मोडला होता. पण थांबत नव्हती.

तात्या म्हणाले, “नाथा, मी तिला काय काय केलंय, तुला ठाऊक न्हाई. पोर गेल्यावर सगळ्यांदेखत म्हणालो, तूच मारलंस त्याला. तू नीट बघितलं न्हाईस. मग गेलो ते गेलोच. ती एकदा कारखान्यावर आली होती. मी दार उघडलं न्हाई. दिवसभर बाहेर बसली आन् गेली.”

त्यांचा श्वास आता फार लांब लांब येत होता.

“आपण दिवसभर हितून ओरडतोय. तिच्यापर्यंत एक शब्द पोचला न्हाई. जवाब न्हाई. काय न्हाई. तरी ती...” ते थांबले. माझ्या डोक्यावर काहीतरी कोमट पडलं. पाणी गार होतं, म्हणून ते वेगळं कळलं. “दहा वर्षं मी म्हणत होतो, तो बोलत न्हाई. तो बोलत न्हाई. आरं, मी कुठं बोलत होतो?”

मला तेव्हा त्यांचं बोलणं नीट समजलं नाही. मला माझ्या बायकोचा चेहरा दिसत होता, मरणाची भीती वाटत होती. मी एवढंच म्हणालो, “तात्या, सोडू नका मला.”

“न्हाई सोडत.”

पाणी माझ्या हनुवटीला लागलं. ते स्वतः माझ्यापेक्षा उंच बसले होते, तरी मला वर धरल्यामुळे ते खाली सरकत होते हे मला जाणवत होतं. त्यांची छाती माझ्या पाठीला घट्ट लागली होती. मग ती छाती भरून आली, आणि इतका वेळ जो आवाज त्यांनी काढला नव्हता तो आवाज त्यांनी काढला. मोठा नव्हता. पण नीट, स्पष्ट, कीर्तनाला उभा राहिलेला माणूस पहिला शब्द उच्चारतो तसा.

“हाये मी,” ते म्हणाले. “हितंच हाये. ऐकतोय.”

त्यानंतर ते बोलले नाहीत. थोड्या वेळानं श्वासाची खरखर थांबली. माझ्या काखेतले हात मात्र तसेच राहिले.

वरचं इंजिन पुन्हा कधी सुरू झालं ते मला नीट आठवत नाही. पाण्याचा पंप लागला होता, पाणी ओठाशी येऊन थांबलं होतं, कधी नाकात जायचं, कधी खाली उतरायचं. फटीतला उजेड पिवळा झाला, मग लाल. एक दगड हलला. कोणाचा तरी काळा हात आत आला आणि माझ्या तोंडावर फिरला, आणि वरून कोणीतरी बोंब मारली, “जिवंत हाये! एक जिवंत हाये!”

मला काढायला त्यांना बराच वेळ लागला. शिळा हलवायची होती. पण त्याच्याही आधी तात्यांचे हात सोडवायचे होते. ते माझ्या छातीवर एकमेकांत गुंतलेले होते आणि ताठले होते. विहिरीत उतरलेला माणूस मुस्लिम होता, रज्जाक नावाचा, यारी चालवणारा. त्यानं एक एक बोट उकलताना “माफ करा चाचा, माफ करा” असं म्हटलेलं मला आठवतं.

वर आणल्यावर मला दिवसाचा शेवटचा उजेड दिसला आणि गर्दी दिसली. मावशी कुठे आहे ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात माझा डावा पाय गुडघ्यावर कापला. शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी रज्जाक बसला होता. त्याच्या हातांना बँडेज होतं.

“काठावर गाणारी ती बाई कोण, तुमची आई?” त्यानं विचारलं.

“माझी आई नव्हे. तात्यांची बायको.”

तो म्हणाला, “दुपारी मुकादमानं काम थांबवलं होतं. म्हणाला, खाली कोणी राहिलं नाही, अजून दरड येईल, आणखी माणसं मरतील. पोलीस आले की बघू. खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. आम्ही सगळ्यांनी हत्यारं खाली टाकली. पण ती बाई काठावरून उठेना. तुमच्या चर्चचे पाळकसाहेब आले, बायका आल्या, हाताला धरून ओढलं. उठेना. तिथंच पालथी, तोंड विहिरीत, गात राहिली. मग...” त्यानं बँडेजच्या हातानं कपाळ पुसलं. “ती गात असताना आम्ही नुसतं बसायचं कसं? मी इंजिनाला हँडल मारलं.”

तो गेल्यावर पाळकसाहेब आले, आणि त्यांच्या मागून मावशी. तिच्या चेहऱ्याची एक बाजू उन्हानं भाजून काळी पडली होती, कोपरं सोलली होती. ती स्टुलावर बसली. आवाज पूर्ण बसला होता. ती कुजबुजत बोलत होती आणि ऐकायला मला मान तिरकी करावी लागत होती.

पाळकसाहेब उभेच राहिले. भले गृहस्थ होते, पण पंचकमिटीला भिणारे. चष्मा पुसत म्हणाले, “सगुणाबाई, एक विषय आहे. आता काढू नये, पण दफन आजच करावं लागेल. कमिटीतले दोघं-तिघं म्हणतात, बर्णबांचं नाव मंडळीतून कमी केलेलं आहे. तेव्हा आपल्या कबरस्तानात...”

“नाव तुम्ही घातलं होतं,” मावशी म्हणाली. “तुम्हीच कमी केलं. मला त्यातलं कळत न्हाई. खड्डा आशेरच्या शेजारी खणा.”

“तसं नाही, बाई, कमिटी—”

“पाळकसाहेब,” मी म्हणालो. माझ्या तोंडाला कोरड होती. “मी तिथं होतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली काय घडलं ते सांगितलं. सगळं नाही, आशेरचं सांगितलं नाही, कारखान्यावरच्या दाराचं सांगितलं नाही. हातांचं सांगितलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, खाली पाहिलं, आणि म्हणाले, “मीच विधी चालवीन. ज्याला यायचं तो येईल.” मग ते बाहेर गेले. जिन्यात त्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

मावशी आणि मी दोघंच राहिलो.

“नाथा,” ती कुजबुजली, “माझा आवाज खाली येत होता का रं?”

“येत होता, मावशी. सगळा.”

“खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको.”

“पहिल्या पदापासून. तात्या म्हणाले, हे मी जुळवलेलं हाये.”

तिनं पदर तोंडाशी धरला. खांदे हलले, पण रडण्यालाही आवाज उरलेला नव्हता. मी तिला विचारलं, “तुला वाटलं होतं का आम्ही जिवंत असू म्हणून?”

“न्हाई,” ती म्हणाली. “दुपारनंतर न्हाई वाटलं.”

“मग गात का राहिलीस?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं आहे. “ते ऐकतात की न्हाई, ते माझ्या हातात न्हाई. ते खाली होते, एवढं मला ठाऊक होतं.”

नर्स आली, सलाईनची बाटली बदलून गेली. मावशी तशीच बसून होती. तिला आणखी काही विचारायचं होतं आणि ती विचारायला घाबरत होती, हे मला कळत होतं.

“शेवटाला काय म्हणाले?” तिनं विचारलं.

“म्हणाले, हाये मी. हितंच हाये. ऐकतोय.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“कुणाला म्हणाले? मला, का...” तिनं वाक्य पुरं केलं नाही.

आज मी त्या वेळच्या तात्यांपेक्षा वयानं मोठा आहे. माझी थोरली मुलगी, जी तेव्हा जन्मली नव्हती, तिला मुलं आहेत. लाकडी पायानं मी चर्चच्या पायऱ्या चढतो, आणि पुष्कळ वेळा तो प्रश्न माझ्या मनात आला आहे. कधी एक उत्तर खरं वाटतं, कधी दुसरं. पण त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिच्याशी खोटं बोलण्याची माझी हिंमत नव्हती.

“मला न्हाई कळलं, मावशी,” मी म्हणालो.

खिडकीबाहेर कोणीतरी हातगाडी ओढत नेत होतं. तिची चाकं दगडांवर वाजत होती.

“मला तर न्हाई ऐकू आलं,” ती शेवटी म्हणाली. “पण ज्याला ऐकू यायला पाहिजे, त्याला आलं असंल.”

मग ती उठली, माझ्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत सारखी केली, आणि खाली नवऱ्याचं प्रेत ताब्यात घ्यायला गेली.